कॅमेरा कोणाच्या हातात होता?

"सर, साठ लाख माणसं होती ना ती? मग एकानेही हात का उचलला नाही?"

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलाने भर अभ्यासवर्गात हा प्रश्न विचारला आणि आम्ही निरुत्तर झालो. वकिलीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला निरुत्तर होण्याची सवय नसते. म्हणूनच तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. आज त्याविषयी लिहायचे आहे.

आमच्या वस्तीतील विहाराच्या सभागृहात दर रविवारी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग चालतो. कधी संविधान, कधी इतिहास, कधी स्पर्धा परीक्षेची तयारी. त्या रविवारी विषय होता हिटलरच्या जर्मनीने केलेला ज्यूंचा संहार. विषय निवडायला कारणही तसेच होते. फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात हिटलरचे आत्मचरित्र आजही मराठीत मिळते आणि आमची पोरे ते विकत घेतात. 'हुकूमशहा होता, पण शिस्तीचा माणूस होता', असे त्यांच्यापैकी काहीजण बिनदिक्कत बोलतात. २००६ साली तर नवी मुंबईत एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव देण्यात आले होते. ज्यू समाजाने निषेध केला तेव्हा कुठे ते बदलले गेले! ज्या देशात कोकणातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे आपल्या 'शनवार तेल्यां'ना, शेकडो वर्षे कोणी त्यांच्या धर्मापायी मारले नाही, त्या देशात हिटलर हे दुकानाच्या पाटीवर लिहिण्यासारखे नाव वाटावे, हे अज्ञान नव्हे तर काय?

तेव्हा मुलांना सत्य दाखवावे म्हणून आम्ही पडदा लावला आणि फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने यांचा 'नाइट अँड फॉग' हा १९५६ सालचा माहितीपट दाखवला. अवघ्या बत्तीस मिनिटांचा. काटेरी तारा, रिकाम्या बराकी, कापलेल्या केसांचे ढीग, बुलडोझरने खड्ड्यात लोटली जाणारी प्रेते. मुले सुन्न झाली. दोन मुली उठून बाहेर गेल्या. दिवे लागले आणि हा प्रश्न आला.

चूक त्या मुलाची नव्हती, आमची होती.

'नाइट अँड फॉग' ही मोठी कलाकृती आहे, यात वाद नाही. पण त्या चित्रपटात 'ज्यू' हा शब्दसुद्धा नावापुरताच येतो. मारले गेलेले कोण होते, ते कोणती भाषा बोलत, मरण्यापूर्वी त्यांनी काय केले, याचा त्यात पत्ता नाही. मारणाऱ्याची यंत्रणा दिसते आणि शेवटी प्रेते दिसतात. ज्या माणसाला आपण पहिल्यांदाच प्रेत म्हणून पाहतो, त्याने जिवंतपणी काय केले असेल, असा विचारच मनात येत नाही. आम्ही मुलांना अत्याचार दाखवला आणि अत्याचारग्रस्तांना मात्र मुके ठेवले. मग मुलाने तोच निष्कर्ष काढला, जो कोणीही काढला असता.

हा प्रश्न काही नवा नाही. तो एका न्यायालयात विचारला गेला आहे आणि वकील म्हणून आम्हाला त्याचे विशेष वाटते. १९६१ साली जेरुसलेममध्ये अॅडॉल्फ आइकमन या नाझी अधिकाऱ्यावर खटला चालला. त्या संपूर्ण खटल्याचे चित्रण अमेरिकन माहितीपटकार लिओ हर्विट्झ यांच्या देखरेखीखाली झाले आणि ते आज इंटरनेटवर पाहता येते. त्यात मोशे बेइस्की नावाच्या साक्षीदाराची साक्ष आहे. प्लाशुव्ह छावणीत एका कोवळ्या मुलाला फाशी दिले जात असताना पंधरा हजार कैद्यांना तेथे उभे करून ते पाहायला लावले होते. हे सांगून होते न होते तोच सरकारी वकील गिडियन हाउस्नर यांनी विचारले, की कैदी पंधरा हजार आणि पहारेकरी फार तर काही शे, मग तुम्ही त्यांच्यावर तुटून का पडला नाहीत?

लक्षात घ्या, हा प्रश्न आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलेला नाही. तो ज्यूंच्या बाजूच्या वकिलाने आपल्याच साक्षीदाराला सरतपासणीत विचारला! बेइस्की स्वतः न्यायाधीश होते आणि पुढे ते इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयावर गेले. त्यांना ते उत्तर देणे फार जड गेले. ती दहशत आज शब्दांत सांगता येत नाही, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी एक वस्तुस्थिती न्यायालयापुढे ठेवली. शेजारीच पोलिश कैद्यांची छावणी होती. त्यांची घरे जवळ होती, पळून गेले तर आसरा होता. तरी तेही पळाल्याचे त्यांना आठवत नव्हते. मग ज्यूंनी पळून जायचे कुठे? विचारवंत हॅना आरेंट यांनी या खटल्यावर लिहिताना अशा प्रश्नांवर कठोर टीका केली, ती उगीच नाही.

आमच्याकडे अत्याचाराच्या खटल्यांत फिर्यादीला काय विचारले जाते? 'तू ओरडलास का नाहीस? लगेच तक्रार का केली नाहीस? इतकी माणसे होतात, अडवले का नाही?' आम्ही हे प्रश्न शेकडो वेळा ऐकले आहेत, त्यांना हरकती घेतल्या आहेत. आणि तरीही तोच प्रश्न आमच्या अभ्यासवर्गात एका मुलाच्या तोंडून आला, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. कारण आम्हीच तयारी न करता साक्षीदार उभा केला होता.

मग आम्ही विषय बंद न करता पुढचे तीन रविवार त्याच विषयाला दिले. पण या वेळी फळ्यावर आधी तीन प्रश्न लिहिले. पहिला, हे चित्रण करणारा कोण आणि त्याचा हितसंबंध काय? दुसरा, ज्याचे चित्रण होते आहे त्याला नकार देता येत होता काय? तिसरा, यातल्या कोणत्या गोष्टीला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याचा दुजोरा आहे? पुरावा तपासण्याचे हे साधे नियम. कोर्टात जे चालते ते माहितीपटालाही लागू का करू नये?

दुसऱ्या रविवारी आम्ही इस्रायली दिग्दर्शिका याएल हेर्सोन्स्की यांचा 'अ फिल्म अनफिनिश्ड' हा २०१० सालचा माहितीपट थांबवत थांबवत दाखवला. त्याची हकिकत अशी. पोलंडची राजधानी वॉर्सा. नोव्हेंबर १९४० मध्ये नाझींनी तेथील ज्यूंना भिंतीआड कोंडले. या कोंडवाड्याला घेट्टो म्हणत. चार लाखांहून अधिक माणसे जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरमध्ये! १९४२ च्या मध्यापर्यंत त्यातली ८० हजारांहून अधिक माणसे नुसत्या भुकेने आणि रोगराईने मेली. त्या वर्षी मे महिन्यात नाझींचे एक चित्रीकरण पथक तेथे आले आणि महिनाभर चित्रीकरण करून गेले. तो चित्रपट पुरा झालाच नाही. युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या संग्रहात त्याचा सुमारे तासाभराचा, आवाज नसलेला कच्चा खर्डा सापडला. कित्येक वर्षे इतिहासाचे चित्रपट बनवणारे त्यातले तुकडे 'घेट्टोचे खरे जीवन' म्हणून वापरत राहिले.

१९९८ साली आणखी एक रीळ सापडले आणि बिंग फुटले. त्या रिळात वगळलेली दृश्ये होती. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा करवून घेतलेला. चांगले कपडे घातलेल्या ज्यूंनी फुटपाथवर पडलेल्या भुकेकंगालांकडे न पाहता निघून जायचे, हे कॅमेऱ्यासमोर जबरदस्तीने वदवून घेतलेल्या जबाबासारखेच! भरलेल्या टेबलांची मेजवानी रचलेली. मतलब हा, की 'पाहा, हे लोक आपल्याच माणसांना मरू देतात'. माहितीपटात त्या घेट्टोतून वाचलेल्या वृद्ध माणसांना हे चित्रण दाखवलेले आहे. त्यांच्यातल्या एका बाईंना, गर्दीत आपले कोणी माणूस दिसेल की काय, याची धास्ती वाटते. ते पाहताना आमच्या सभागृहातही चुळबूळ झाली.

चित्रपट संपल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, गेल्या रविवारी आपणही मारणाऱ्यांच्याच डोळ्यांनी बघत होतो?" पूर्णपणे तसे नव्हते. प्रेतांची बरीच दृश्ये छावण्या मुक्त करणाऱ्या दोस्त सैन्यांनी टिपली होती. पण तिचा रोख बरोबर होता. संहार चालू असताना कॅमेरा बहुतेक वेळा नाझींच्या हातात होता. ज्यूंच्या हाती तो क्वचितच आला. ऑगस्ट १९४४ मध्ये आउशविट्झच्या मृत्युछावणीत, प्रेते जाळण्याच्या कामाला जुंपलेल्या कैद्यांनी चोरून चार छायाचित्रे काढली आणि ती छावणीबाहेर पोहोचवली. अवघी चार! ती तिरकी, अस्पष्ट आहेत. एकात तर झाडांच्या फांद्यांखेरीज काही दिसत नाही. कारण काढणाऱ्याला कॅमेरा डोळ्याला लावण्याचीही सोय नव्हती. आमच्या मते ती छायाचित्रे हेच प्रतिकाराचे मोठे कृत्य आहे आणि विद्यार्थ्यांना ती अस्पष्ट का आहेत, हे समजावणे हाच धडा आहे.

याउलट हात वर केलेल्या त्या लहान मुलाचे छायाचित्र घ्या, जे जगभर पोहोचले आहे. ते नाझी सेनाधिकारी युर्गेन स्ट्रोप याच्या अहवालातले. वॉर्सातील उठाव चिरडल्यावर त्याने तो अहवाल छायाचित्रांसह वरिष्ठांना विजयाची भेट म्हणून बांधून घेतला. पुढे तोच अहवाल न्युरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाला. दस्तऐवज क्रमांक १०६१-पीएस. स्ट्रोपला १९५२ साली वॉर्सातच फाशी झाली. खुन्याने मिरवण्यासाठी केलेला अल्बम त्याच्याच गळ्याचा फास झाला! पण वर्गात आम्ही मुलांना वेगळेच विचारले. जे लोक मुकाट मेले म्हणता, त्यांना संपवायला त्याला तोफा, चिलखती गाड्या आणि घरे पेटवणाऱ्या तुकड्या घेऊन १९ एप्रिल ते १६ मे १९४३, म्हणजे जवळपास चार आठवडे का लागले? विरोधी पक्षाच्या दस्तऐवजातून आपला मुद्दा सिद्ध करायचा असतो तो असा.

तिसऱ्या रविवारी रोबर्टा ग्रॉसमन यांचा 'हू विल राइट अवर हिस्टरी' हा २०१८ सालचा माहितीपट लावला. २७ जानेवारी २०१९ रोजी, आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृतिदिनी, तो जगात शेकडो ठिकाणी एकाच दिवशी दाखवला गेला होता. तो इमान्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराच्या गटाविषयी आहे. वॉर्सा घेट्टोतले सुमारे साठ शिक्षक, लेखक, कार्यकर्ते शनिवारी गुपचूप जमत. गटाचे सांकेतिक नाव 'ओयनेग शाबेस', म्हणजे शब्बाथचा आनंद. त्यांनी काय केले? लिहिले आणि जमवले. रोजनिशा, शाळकरी मुलांचे निबंध, रेशनकार्डे, ट्रामची तिकिटे, गोळ्यांचे कागद, भिंतीवरची फर्माने, खानावळीतील भुकेल्यांच्या कहाण्या. मारणारा आपला इतिहास लिहील तर तो कसा लिहील, हे त्यांना पुरते ठाऊक होते. म्हणून आपला इतिहास आपणच लिहायचा, असा त्यांचा निर्धार होता.

२२ जुलै १९४२ रोजी घेट्टोतून माणसे मालगाड्यांत भरून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेणे सुरू झाले. दोन महिन्यांत सुमारे २ लाख ६५ हजार माणसे नेली आणि मारली. त्या धामधुमीत, ऑगस्टच्या सुरुवातीला, इस्राएल लिख्टेनश्टाइन या शिक्षकाने आणि त्याच्या दोन तरुण विद्यार्थ्यांनी नोवोलिप्की रस्त्यावरच्या शाळेच्या तळघरात हे कागद दहा पत्र्याच्या पेट्यांत भरून पुरले. विद्यार्थ्यांपैकी डेव्हिड ग्राबर एकोणीस वर्षांचा होता. आमच्या वर्गातल्या मुलांएवढा! पुढे १९४३ मध्ये आणखी कागद दुधाच्या दोन मोठ्या किटल्यांत पुरले. रिंगेलब्लूम मार्च १९४४ मध्ये कुटुंबासह पकडले जाऊन मारले गेले. साठांपैकी तिघेच युद्धातून वाचले. त्यांच्यातल्या राखेल आउएरबाख या लेखिकेने शोधाचा आग्रह धरला. शहर जमीनदोस्त झाले होते, विटांच्या ढिगांखाली रस्ता कुठे होता हेही कळत नव्हते. १९४६ च्या सप्टेंबरात पेट्या निघाल्या, १९५० च्या डिसेंबरात किटल्या. सुमारे ३५ हजार पाने! युनेस्कोने १९९९ साली हा संग्रह जागतिक स्मृतिठेव्यात नोंदवला.

या चित्रपटात एक धोकाही आहे आणि तो शिक्षकाने आधीच सांगितला पाहिजे. त्यात खऱ्या चित्रणासोबत नटांकडून करवून घेतलेले प्रसंग आहेत. आम्ही मुलांना दोन रकाने आखायला लावले: एकात 'दस्तऐवज', दुसऱ्यात 'अभिनय'. पहिल्या दहा मिनिटांत निम्मी मुले चुकली. नंतर चुकेनाशी झाली. नाझींच्या पथकाने रचलेले चित्रण 'खरे' म्हणून ओळखले जाणे आणि मारल्या गेलेल्यांच्या कागदावरून प्रामाणिकपणे प्रसंग उभा करणे, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पण तो फरक ओळखता आला पाहिजे. नाहीतर उद्या कोणीही काहीही दाखवील आणि आमची पिढी माना डोलावील!

हे सारे बघून मुलांनी पुन्हा शंका काढलीच. "पण सर, कागद पुरणं म्हणजे लढणं कसं?" रास्त शंका. इतिहासकार येहुदा बाउअर यांनी यासाठी हिब्रू भाषेतला 'अमिदा' हा शब्द वापरला. त्याचा अर्थ उभे राहणे. जेथे शत्रूला तुमचे जगणेच नको आहे, तेथे भिंतीच्या भोकातून पोराने पोटाशी बांधून आणलेले बटाटेही प्रतिकारच असतात. १९४१ च्या अखेरीपासून घेट्टोबाहेर सापडणाऱ्याला मृत्यूची शिक्षा होती. तरी मुले जात. बंदी असताना चालवलेल्या शाळा, खानावळी, गुप्त छापखाने, चोरून केलेली प्रार्थना हा सारा उभे राहण्याचाच प्रकार. बंदूक हे त्या रांगेतले शेवटचे हत्यार होते, पहिले नव्हे.

चौथ्या रविवारी ते शेवटचे हत्यार. जॉश वॉलेट्झ्की यांच्या 'पार्टिझन्स ऑफ व्हिल्ना' या १९८६ सालच्या माहितीपटातील भाग आणि क्लोद लांझमान यांचा 'सोबिबोर, १४ ऑक्टोबर १९४३, दुपारी ४' हा २००१ सालचा चित्रपट. व्हिल्ना हे लिथुआनियातले शहर. १९४१ मध्ये तेथील हजारो ज्यूंना पोनारीच्या जंगलात नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. वर्ष संपता संपता अब्बा कोव्हनर या तेवीस वर्षांच्या तरुणाने जाहीरनामा वाचला. कत्तलीला नेल्या जाणाऱ्या मेंढरांसारखे जाऊ नका, असे त्याने आपल्या लोकांना बजावले. मेंढरांची ही उपमा येथून गाजली. पण वाचकहो, फरक पाहा. कोव्हनरने ती आपल्या माणसांना जागे करण्यासाठी आतून वापरली. युद्धानंतर तीच उपमा बाहेरच्यांनी मेलेल्यांवर आरोप म्हणून वापरली! बाबासाहेबांनीही आपल्या समाजाला बोचरे बोल सुनावले. ते उठवण्यासाठी होते. तेच बोल दुसऱ्या कोणी आपल्याला हिणवण्यासाठी वापरले, तर चालतील काय?

याच माहितीपटात यित्झाक विटेनबर्गची हकिकत येते. तो व्हिल्नाच्या गुप्त सेनेचा प्रमुख. जुलै १९४३ मध्ये नाझींनी त्याला स्वाधीन करा, नाहीतर सारा घेट्टो उद्ध्वस्त करू, असे फर्मान काढले. घेट्टोतील लोकच घाबरून लढवय्यांच्या विरोधात रस्त्यावर आले. अखेर तो स्वतःहून स्वाधीन झाला आणि कोठडीत मेला. आम्ही चित्रपट थांबवला आणि विचारले, तुम्ही त्याचे सोबती असता तर काय केले असते? तासभर वाद चालला. कोणी म्हणाले जाऊ द्यायला नको होते, कोणी म्हणाले वीस हजार जिवांपुढे एक जीव काय? उत्तर मिळाले नाही. पण 'का लढले नाहीत' हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. एका माणसाने गोळी झाडली तर शंभरांचा जीव घेतला जाईल, ही सामूहिक शिक्षेची टांगती तलवार काय असते, ते मुलांना पहिल्यांदा कळले.

सोबिबोरच्या चित्रपटात जवळजवळ सारा वेळ एकच माणूस बोलतो, येहुदा लेर्नर. मुलाखत १९७९ सालची. सहा महिन्यांत आठ छावण्यांतून पळालेला हा पोरगा शेवटी सोबिबोरच्या मृत्युछावणीत पोहोचला. तेथे लेओन फेल्डहेंडलर आणि सोव्हिएत सैन्यातला ज्यू युद्धकैदी अलेक्सांद्र पेचेर्स्की यांनी उठावाची योजना आखली. पेचेर्स्की येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. योजना कशावर उभी होती? जर्मनांच्या वक्तशीरपणावर! शिवणकामाच्या खोलीत कोटाचे माप द्यायला अधिकारी ठरल्या वेळी एकेकटे येतील आणि तेथेच कुऱ्हाडीने त्यांचा निकाल लावायचा. ते वेळेवर आले. लेर्नरने आयुष्यात पहिल्यांदा माणूस मारला. सुमारे सहाशे कैद्यांपैकी तीनशेजण कुंपण ओलांडून पळाले. सुरुंग, गोळ्या आणि नंतरची शोधमोहीम यांतून युद्ध संपेपर्यंत पन्नासच्या आसपासच जगले. पण दीड लाखाहून अधिक माणसे जेथे मारली गेली, ती छावणी नाझींनी त्यानंतर मोडून टाकली. हिटलरची 'शिस्त' वाखाणणाऱ्या पोरांनी त्या शिस्तीचा असाही उपयोग पाहिला!

आता त्या मुलाला उत्तर देता आले. एकानेही हात उचलला नाही? जानेवारी १९४३ मध्ये वॉर्सात पहिल्या गोळ्या झाडल्या गेल्या आणि एप्रिलमध्ये मोर्देखाय आनिएलेविच या चोवीस वर्षांच्या तरुणाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. २ ऑगस्ट १९४३ ला ट्रेब्लिंका. १४ ऑक्टोबरला सोबिबोर. ७ ऑक्टोबर १९४४ ला आउशविट्झ. तेथल्या उठावासाठी कारखान्यातून चिमूट चिमूट दारू चोरून आणणाऱ्या रोझा रोबोटा आणि तिच्या तीन मैत्रिणींना जानेवारी १९४५ मध्ये फाशी दिले. छावणी मुक्त व्हायला तेव्हा फक्त तीन आठवडे उरले होते.

पण येथे थांबलो असतो तर आम्ही दुसरी चूक केली असती. लढणाऱ्यांची यादी वाचली, की उरलेले लाखो लोक भित्रे ठरतात. म्हणून आणखी एक आकडा फळ्यावर लिहिला. नाझींच्या कैदेत सोव्हिएत सैन्याचे सुमारे ५७ लाख सैनिक सापडले, त्यांपैकी सुमारे ३३ लाख मेले. उपासमार, थंडी आणि गोळ्या. ते तरुण होते, प्रशिक्षित होते, त्यांच्या पाठीशी एक बलाढ्य देश होता. त्यांना कोणी विचारते काय, की तुम्ही का लढला नाहीत? मग हा प्रश्न म्हाताऱ्याकोताऱ्यांना, कडेवर पोर असलेल्या बायांना, ज्यांना कोणताही देश दार उघडत नव्हता त्यांनाच का? कारण दुबळ्याकडूनच पराक्रमाचा दाखला मागण्याची जगाला सवय आहे. ज्याने खून केला त्याला 'का केलास' विचारण्याआधी, मेलेल्याला 'का मेलास' विचारले जाते!

त्या मुलाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. तिसऱ्या रविवारनंतर तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मी आमच्या आज्याला नेहमी टोचत होतो, की तुम्ही लोकांनी एवढं सहन का केलं. या वेळी विचारलं, तुम्ही तेव्हा काय काय केलं?" आजोबांनी सांगितले, की धर्मांतरानंतर गावकीची कामे सोडली तेव्हा गावाने किराणा बंद केला. आजोबा दहा-बारा वर्षांचे होते. वस्तीतली माणसे रात्री सात मैल चालून दुसऱ्या बाजारातून मीठ-मिरची-ज्वारी आणायची आणि बाप पोराला बरोबर घ्यायचा, कारण लहान पोराच्या डोक्यावरच्या गाठोड्याचा संशय येत नसे. साठ-पासष्ट वर्षांत हे त्या घरात कोणी विचारले नव्हते, म्हणून कोणी सांगितले नव्हते. मुलाने ते वहीत लिहून आणले होते. खाली तारीख आणि आजोबांचा अंगठा!

आम्ही येथे तुलना करत नाही. बहिष्कार आणि गॅसची कोठडी एक नव्हे आणि दोन्ही एकच, असे सांगणारा दोघांवरही अन्याय करतो. बाबासाहेबांनी अस्पृश्यांना भारतातील घेट्टोची लेकरे म्हटले. त्या शीर्षकाचे त्यांचे लेखन त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध झाले. पण त्यांनीही दोन समाजांच्या दुःखाची सरमिसळ केली नाही. आम्ही शिकलो ते एवढेच, की प्रश्न बदलला तर साक्षीदार बोलू लागतो.

आणखी एक गोष्ट वर्गात निघाली, ती टाळता येणार नव्हती. गाझातील विध्वंसाच्या बातम्या पाहिलेल्या मुलांनी विचारले, मग आज इस्रायल काय करते आहे? आम्ही सांगितले, हा प्रश्न जरूर विचारा आणि कोणत्याही सरकारला विचारतो तितक्याच कडकपणे विचारा. पण १९४३ सालच्या विशीतल्या पोरापोरींवर आजच्या सरकारच्या करणीचा हिशोब टाकता येत नाही. तसेच त्यांच्या बलिदानाची ढाल करून कोणत्याही सरकारला आपल्या करणीवर पांघरूण घालता येत नाही. दोन्हीकडून सारखाच न्याय.

शिक्षकांना, विहार समित्यांना आणि वाचनालये चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची अनुभवातून आलेली विनंती आहे. प्रेते आधी दाखवू नका, आधी माणसे दाखवा. तीन तासांचा चित्रपट एका दमात दाखवण्यापेक्षा वीस मिनिटे दाखवा आणि चाळीस मिनिटे बोला. आमच्या प्रतींवर इंग्रजी अक्षरे होती. मुलांनीच वाटून घेऊन मराठी केले आणि त्यात ती अधिक शिकली. प्रत्येक दृश्याला विचारा, कॅमेरा कोणाच्या हातात होता? ही सवय एकदा लागली, की मुले मोबाइलवर येणाऱ्या चित्रफितीलाही तेच विचारतील आणि आज त्याची गरज कोणाला नाही?

१४ एप्रिलच्या जयंतीला गावोगावच्या विहारांत पडदे आणि प्रोजेक्टर भाड्याने येतात. पाचच दिवसांनी १९ एप्रिल असतो, वॉर्सातील उठावाचा दिवस. प्रोजेक्टर परत करण्याची घाई करू नका. आणखी पाच दिवसांचे भाडे आमच्या विहार समितीने यंदा मंजूर केले आहे. तुमच्याही समितीपुढे हा ठराव मांडा.